यंत्राला दिलेली विश्रांती

गुरुजींचे यंत्र विजेच्या झटक्याने जळले, असे पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही गावांत समजले जाते. ते खरे नाही. ते यंत्र मी माझ्या हातांनी बिघडवले आणि नंतर तीन वर्षे गप्प राहिलो. त्या काळात एक ताठ मानेचा माणूस भर सभेत स्वतःविरुद्ध साक्ष देत उभा होता, आणि मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून ती साक्ष ऐकत होतो. मी स्वभावाने मवाळ आहे. मला सहसा राग येत नाही. या प्रकरणात मात्र येतो, आणि त्याचा मोठा वाटा माझ्याच नावावर आहे.

गुरुजी आमच्या सौंसरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवत. मी मराठी शिकवतो. ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. घर पांढुर्ण्यात, त्यामुळे नोकरीची सगळी वर्षे त्यांनी बसने ये-जा करण्यात काढली. त्यांच्या खिशाला पेन नसे. तिथे एक छोटा पेचकस असे. फळ्यावर बेडकाचे हृदय काढता काढता वरचा पंखा कुरकुरला, तर खडू ठेवून बाकावर चढत, पंखा उघडत आणि उरलेला तास पंख्याच्या पोटावर घेत. मुख्याध्यापकांनी जाब विचारला तर म्हणत, "हृदय तं सगळ्यायलेच असते जी. याचं आज दिसलं."

राग हा त्यांचा स्थायीभाव होता, पण मुलांवर ते कधी रागावल्याचे मला आठवत नाही. त्यांचा राग वाक्यांवर असे. "जागा शिल्लक नाही", "अर्ज विचाराधीन आहे", "गैरसोयीबद्दल खेद आहे": ज्या वाक्यात शोधूनही माणूस सापडत नाही, ते वाक्य त्यांना सहन होत नसे. त्यातही एका वाक्यावर त्यांचा विशेष दात होता. ते वाक्य आपण सगळेच रोज ऐकतो आणि मान हलवून घरी येतो.

एकदा त्यांच्याबरोबर मी एका कार्यालयात गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण हा संवाद कोणत्याही खिडकीवर घडू शकतो. त्यांचा तो तिसरा हेलपाटा होता. बाबूने मान वर न करता सांगितले, "सर्वर डाउन हाये. उद्या या."

"कुठं पडला?" गुरुजींनी विचारले.

"काय?"

"सर्वर. डाउन हाये म्हणता, मतलब पडला असन न. दाखवा मले, उचलून ठेवतो. आमी दोघं जण आहो."

रांग हसली. बाबू चिडला. "गुरुजी, मजाक करून राहिले काय?"

"मजाक तुमी करून राहिले. सर्वर म्हणजे देव नाई बाप्पा. साधी मशीन हाये, कोणाच्या तरी भरोशावर ठेवलेली. ती आपल्या मनानं पडत नाई. कोणी पाह्यलं नाई, म्हून पडते. तेवढं सांगा न, का आमी पाह्यलं नाई. मी उद्या काय, परवाबी येतो."

बाबूने खिडकी लावून घेतली. बाहेर आल्यावरही गुरुजींचे कान लाल होते. बसस्टँडवर पोचल्यावर म्हणाले, "भाऊ, मी घरात सर्वर ठेवून दाखवतो. कसा पडते पाहू."

हा नुसता हट्ट नव्हता. त्यांच्याकडे ठेवण्यासारखे काहीतरी होते, ते सांगितले पाहिजे. आमच्या भागात संत्र्याच्या बागा आहेत, आणि संत्र्याचे झाड आपले दुखणे पानावर लिहिते. कुठे पान पिवळे पडते, कुठे शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, कुठे कोळशी येऊन सगळे झाड काजळ माखल्यासारखे होते. गुरुजी बागायतदारांकडून पानांचे फोटो जमवत. तेही असेतसे नव्हे. त्याच झाडाचे, त्याच फांदीचे, दर बहाराला. "झाड एका वर्षात बोलत नाई," ते म्हणत. "चार-पाच वर्षं आयकाव लागते त्याचं." लोक बाजाराच्या दिवशी त्यांच्या ओसरीवर येत, मोबाइल पुढे करत, आणि गुरुजी आधीच्या वर्षांची पाने शेजारी मांडून सांगत की हे दुखणे औषधाचे नाही, पाण्याचे आहे; फवारणी थांबवा. कित्येकांनी त्यांच्या शब्दावर फवारणी थांबवली. कित्येकांची झाडे त्यामुळे वाचली.

आणि हे फोटो हरवत. मोबाइल विहिरीत पडे, चोरीला जाई, किंवा कंपनीचा निरोप येई की जागा भरली. "पान माह्या गावचं, झाड माह्या गावचं," गुरुजी संतापत, "अन् फोटो कोणाच्या घरी ठेवला तेच मले मालूम नाई! आपली पेटी आपल्या घरात काहून नको?"

घरी सर्वर ठेवणे म्हणजे काय, हे मला तेव्हा कळले. एक संगणक, जो रात्रंदिवस चालू राहतो आणि घरच्या सगळ्या मोबाइलांचे सामान सांभाळतो, एवढाच त्याचा अर्थ. तो निवडायला आम्ही नागपूरला गेलो. दुकानदाराने काचेआडून एक देखणे यंत्र काढले. आत लाल-निळे दिवे पळत होते.

"मले सर्वर पाहिजे," गुरुजी म्हणाले, "वरात नाई."

शेवटी त्यांनी कुठल्याशा कार्यालयाने टाकून दिलेला पुस्तकाएवढ्या आकाराचा जुना संगणक उचलला. तो बल्बाएवढी वीज खाई आणि आवाज करत नसे. त्यांचे सूत्र ठरलेले होते: "मेंदू जुना चालन, आठवण नवी पाहिजे." म्हणजे यंत्र जुने असले तरी हरकत नाही, पण फोटो साठवणाऱ्या डिस्क कोऱ्या घ्याव्यात. त्या त्यांनी दोन घेतल्या, एकीत जे ते दुसरीत, आणि मुद्दाम दोन वेगळ्या दुकानांतून. "एका घाण्यातल्या दोन घेऊ नये. सोबत जन्मल्या का सोबतच मरतात." त्यावर चालणारी प्रणाली निवडतानाही त्यांनी असाच विचार केला. संगणकात आधीपासून विंडोज होती. ती त्यांनी पुसून टाकली. "मले न विचारता झोपते, न विचारता उठते. असा चौकीदार कोण ठेवन?" तिच्या जागी त्यांनी लिनक्स घातली, जी फुकट मिळते. तीही नवी कोरी नव्हे, दोन वर्षे जुनी. "हे लोणच्यासारखं असते भाऊ. मुरलेलं घ्याव."

मीही तसेच यंत्र घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. कारण दोन डिस्क एकाच पेटीत असल्या तर पेटीबरोबर दोन्ही जातात. "गोटमारीत दगड माराले पांढुर्णा लागते, अन् नदीच्या पल्याडून माराले सावरगावबी लागते. एका गावानं भागत नाई. माह्या पानायलेबी दुसरं गाव पाहिजे." ते दुसरे गाव म्हणजे सौंसर, म्हणजे माझे घर. मी होकार दिला आणि वर्षभर यंत्र निवडत राहिलो. हे स्वस्त की ते, यात मेमरी जास्त की त्यात, पुढच्या महिन्यात नवे येणार म्हणतात, थोडे थांबू. रोज मोबाइलवर किमती पाहायचो. गुरुजी एकदा वैतागून म्हणाले, "तू नवरी पाहून राहिला का मशीन? निवडत बसला, अन् साठवलं काहीच नाई."

हे माझे पहिले पाप. ते आळसाचे होते. दुसरे त्याहून मोठे आहे.

त्या वर्षी आश्विनात गुरुजींच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले आणि त्यांना पंधरा दिवस नागपूरला मुलीकडे जावे लागणार होते. पांढुर्ण्याच्या बंद घरात यंत्र चालू ठेवणे त्यांना पटेना, आणि बंद ठेवणे तर मुळीच पटेना. म्हणून ते यंत्र गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, बसने सौंसरला आले. वाहकाने विचारले होते म्हणे, "गुरुजी, याचं हाफ तिकीट फाडू का?" गुरुजींनी उत्तर दिले, "हे वयानं मोठं हाये, पण मांडीवर बसलं. तुह्या मनानं फाड." ऐकून मी खूप हसलो होतो. माझ्या बैठकीच्या खोलीत त्यांनी ते कोपऱ्यात मांडले आणि वर एक कागद चिकटवला: "वायर ओढू नये. बंद करायचेच झाले, तर आधी तिला सांगावे." खाली ती आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहिलेली होती. त्यांच्या लेखी यंत्र ही 'ती' होती, आणि तिला न सांगता तिचा श्वास तोडणे हा असभ्यपणा होता. मला तो कागद त्यांच्या विक्षिप्तपणाचा आणखी एक नमुना वाटला.

मग खंडेनवमी आली.

माझे वडील जिनिंगमध्ये फिटर होते. कापसाच्या हंगामात तिथली यंत्रे उसंत घेत नसत, पण खंडेनवमीला एकही पट्टा फिरायचा नाही, असा नियम होता. यंत्रे धुतली-पुसली जात, त्यांना हळदीकुंकू लागे, नारळ फुटे, आणि नारळाच्या पाण्याचा हात वडील प्रत्येक यंत्राच्या डोक्यावरून फिरवत. ज्या दिवशी ज्याची पूजा, त्या दिवशी त्याला काम नाही. हा नियम माझ्या रक्तात आहे. त्या सकाळी मी स्कूटर पुसली, शिलाई मशीन पुसली, आणि कोपऱ्यात मिणमिणणाऱ्या त्या हिरव्या दिव्याकडे पाहून मला खरोखर वाईट वाटले. सगळ्यांना विश्रांती आणि हिलाच नाही?

मी वायर ओढली.

बायको ताट घेऊन आली. "अवो, हिलेबी करता काय? गुरुजीनं हात लावू नका म्हटलं होतं न?"

"हात कुठं लावून राहिलो? पूजा करून राहिलो."

हे वाक्य मी उच्चारले आहे. तीन वर्षे ते माझ्या कानात आहे. मी यंत्र पुसले, हळदीकुंकू वाहिले, अक्षता टाकल्या, आणि नारळ फोडून वडिलांच्या सवयीने पाण्याचा हात वरून फिरवला. जिनिंगच्या बिडाच्या यंत्राला नारळाचे पाणी पचते. या पेटीला वर हवेसाठी जाळी होती. दसऱ्याच्या सकाळी मी वायर पुन्हा लावली. 'चट्' असा बारीक आवाज झाला, करपलेल्या दुधासारखा वास आला, आणि हिरवा दिवा पेटलाच नाही. मी ओल्या फडक्याने कुंकवाचा प्रत्येक डाग पुसून काढला. तेव्हा बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी विसरलेलो नाही. चूक होणे वेगळे, आणि डाग पुसणे वेगळे. तिला तो फरक त्या क्षणी कळला होता.

गुरुजी आले ते काळा चष्मा लावून. यंत्राजवळ उकिडवे बसले. "का झालं?"

मी म्हणालो, "लाइट आली-गेली, गुरुजी. तवापासून बंद हाये."

पाच-सहा शब्द. त्यात माझ्या हाताचा उल्लेख नव्हता. आयुष्यभर मुलांना वाक्यातला कर्ता शोधायला लावणाऱ्या मी असे वाक्य सहज रचले, आणि गुरुजींनी आयुष्यात पहिल्यांदा असले वाक्य निमूट ऐकून घेतले, कारण ते माझ्या तोंडून आले होते. त्यांनी पेचकस काढून पेटी उघडली. मुख्य पाटी, म्हणजे मदरबोर्ड, काळवंडली होती. तिने जाताना दोन्ही डिस्क सोबत नेल्या होत्या. तळाशी तांदळाचा एक दाणा होता. तो त्यांनी चिमटीत धरून उजेडाकडे नेला. कुंकवाने तो तांबडा झालेला मला लांबून दिसत होता.

"उंदीर शिरला वाटते," ते म्हणाले. "माहीच गलती. खालून जाळी लावाले पाहिजे होती."

नुकत्याच ऑपरेशन झालेल्या डोळ्याला तो रंग दिसला नसेल. किंवा दिसला असेल आणि माझ्यावर संशय घेणे त्यांना सुचले नसेल. दुसरी शक्यता मला अधिक छळते. त्या क्षणी मला बोलता आले असते. मी चहा आणायला आत गेलो.

नागपूरच्या दोन-तीन जाणकारांनी डिस्क पाहिल्या आणि परत दिल्या. पाने गेली. सगळ्या बहारांची गेली.

याच सुमारास बागायतदारांच्या मंडळात एक विचार चालू होता की प्रत्येक गावात गुरुजींसारखे एक स्वस्त यंत्र बसवावे, गावाची पाने गावात राहावी. दुसऱ्या बाजूला एक विक्रेता फोटो साठवायची आपली दूरवरची जागा विकायला आला होता. फोटो आमच्याकडे द्या, बाकी चिंता करू नका. मंडळाने गुरुजींना मत विचारले. त्यांना काहीही सांगता आले असते. ते उभे राहिले आणि म्हणाले, "मी निवडलेली मशीन सौंसरची लाइट झेलू शकली नाई. आत उंदीरबी शिरला होता. मी जुन्यावर भरोसा ठेवला, माहा अंदाज चुकला. तुमचं नुकसान होऊ नये म्हून सांगून राहिलो." विक्रेत्याने टाळी वाजवली, आणि मंडळाने त्याचीच जागा घेतली. मी खाली पाहत होतो. ज्या माणसाने खोटे कधी खपवून घेतले नाही, त्याच्याकडून मी माझे खोटे वदवून घेतले, तेही शपथेवर सांगावे इतक्या प्रामाणिकपणे. अध्यक्ष नंतर चहा पिताना म्हणाले, "चला, भंगारवाल्या गुरुजीनं स्वतःच कबूल केलं." लोक हसले. मला त्या हसण्याचा संताप आला, आणि पुढच्याच क्षणी कळले की संतापाचा अधिकार मी गमावला आहे.

त्यानंतर गुरुजींच्या ओसरीवरची गर्दी ओसरली. पण सर्वांत वाईट बदल वेगळाच होता. एकदा आम्ही दोघे एका खिडकीवर उभे होतो आणि आतून ते जुने वाक्य आले, सर्वर डाउन हाये, उद्या या. मी गुरुजींकडे पाहिले. ते म्हणाले, "बरं. उद्या येतो." आणि वळले. त्यांचा राग मी मारला होता. माणसाचा राग हा त्याचा विश्वासच असतो, हे मला त्या दिवशी उमगले. जग नीट चालू शकते असे ज्याला वाटते, तोच रागावतो.

घरी येऊन मी हे बायकोला सांगितले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "शाळेत पोट्ट्यायले विचारता, कर्ता कोण? कर्ता कोण? अन् घरी तोंड शिवून बसता. तुमाले सांगता येत नसन तं मी जाते पांढुर्ण्याले." मी म्हणालो, मी सांगतो. त्यानंतरही वर्ष गेले. मी वाक्ये जुळवत राहिलो. यंत्र निवडताना केले तेच. नेमके शब्द सापडले की सांगू, गुरुजींची तब्येत बरी असताना सांगू, एकट्यात सांगू. जे भर सभेत बिघडवले, ते एकट्यात दुरुस्त होत नाही, हे कबूल करायला मी तयार नव्हतो.

यंदा मंडळातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर एकाच दिवशी एक ओळ आली: "ही सेवा बंद करण्यात येत आहे." विक्रेत्याचा फोन लागेना. तीन वर्षांची पाने पुन्हा गेली. मंडळाची सभा जामसांवलीला, मंदिराजवळच्या सभागृहात भरली. सकाळी दर्शन आणि मग चर्चा. लोक खवळले होते. एका तरुण बागायतदाराने सुचवले की आता तरी गावोगावी स्वतःची छोटी यंत्रे बसवू, गुरुजी अजून आहेत, त्यांना विचारू.

अध्यक्ष हसून म्हणाले, "कोणाले विचारता? त्यायनंच सांगितलं होतं न, लाइटीत मशीन फुकली म्हून! भंगार घरात ठेवाचं, उंदरायले पाळाचं, अन् मंग म्हणाचं अंदाज चुकला."

हशा पिकला. गुरुजी मागच्या रांगेतून उठले. त्यांना उठायला वेळ लागला. हात जोडून म्हणाले, "अध्यक्षसाहेब बरोबर बोलून राहिले. माह्यावर भरोसा ठेवू नका. माह्या मशीननं तुमची..."

त्यांचे वाक्य पूर्ण होण्याआधी मी उभा होतो. माझा आवाज मुळात लहान आहे. वर्गातही शेवटच्या बाकाला तो पोचत नाही. पण सभागृह गप्प झाले, कारण माझ्यासारखा माणूस मध्ये बोलेल अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही आठवले नाही. मी एवढेच बोललो:

"थांबा गुरुजी. तुमची मशीन लाइटीनं जळली नाई. मी जाळली. खंडेनवमीले मी वायर ओढली, तुमी नाई म्हटलं तरी ओढली, अन् तिच्या डोक्शावर नारळाचं पाणी फिरवलं. उंदीर नव्हता. तो दाणा माह्या अक्षतेचा होता. मंग मी डाग पुसले अन् तुमाले खोटं सांगितलं, अन् तीन वर्षं तुमी सगळ्यायसमोर माही चूक आपल्या अंगावर घेऊन राहिले, अन् मी बाजूले बसून आयकत होतो. अध्यक्षसाहेब, हसाचं असन तं मले हसा. गुरुजीनं निवडलेलं सगळं बरोबर होतं. मशीन बरोबर होती, डिस्का बरोबर होत्या, सगळं बरोबर होतं. फक्त ज्याच्या घरी ठेवली, तो माणूस चुकला. गुरुजी, तुमची पानं मी नासवली, तुमचं नाव मी नासवलं. मले माफ करा. नाई केलं तरी चालते, पण हे आज सगळ्यायनं आयकलं पाहिजे. मी चुकलो."